परवानगी कोणत्या भाषेत मागायची?

काही वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर एक निवृत्त गृहस्थ आमच्याकडे आले. हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली एक नोटीस होती. सीमाभागातील एका नगरसंस्थेने ती पाठवली होती आणि ती अर्थातच संपूर्ण कन्नडमध्ये होती. गृहस्थांना कन्नड बाजारापुरते बोलता येई, वाचता येत नसे. शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने त्यांना ती वाचून दाखवली होती. तिच्या मथळ्यातले दोन शब्द त्यांच्या कानांना ओळखीचे वाटले, ‘कारण’ आणि ‘नोटीसु’. मधला ‘केळुव’ हा शब्द त्यांनी सोडून दिला. "साहेब, त्यांनी कारण कळवलंय. आता पुढचं पत्र येईल, तेव्हा बघू म्हटलं," असे ते आम्हांला म्हणाले.

‘केळुव’ म्हणजे विचारणारी. ती नोटीस कारण सांगत नव्हती, कारण विचारीत होती. तुमचे बांधकाम का पाडू नये याचे उत्तर सात दिवसांत द्या, असा तिचा मजकूर होता. गृहस्थ आमच्याकडे आले तो एकोणिसावा दिवस होता. मधल्या काळात गल्लीतल्या एका मध्यस्थाने ‘वर बोलून ठेवतो’ म्हणून पैसेही घेतले होते. त्याने वर कोणाशी काय बोलून ठेवले हे आजतागायत कळलेले नाही.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती लपवून केलेली तक्रार न्यायालयात टिकत नाही आणि समाजातही टिकू नये. या गृहस्थांनी मुलाच्या लग्नाआधी पत्र्याचे छप्पर काढून स्लॅब घातला होता, स्लॅबवर एक खोली चढवली होती आणि तिच्यासाठी बाहेरून जिना काढला होता. परवाना कशाचाच घेतलेला नव्हता. "आपल्याच जागेत बांधायला परवानगी कशाची?" हा प्रश्न त्यांनी आम्हांला अगदी निर्व्याज मनाने विचारला. शेवटी खोली नियमांत बसत होती, ती दंड आणि सुधारित नकाशा भरून वाचली. जिना मोकळ्या सोडायच्या जागेत आला होता, तो गेला. वेळेत उत्तर दिले असते तर निदान तो त्यांना स्वतःच्या हाताने, लोखंड वाचवून, उतरवून घेता आला असता.

या एका प्रकरणात आमच्या भागाचे दोन रोग एकत्र दिसतात. पहिला रोग शासनाचा. ज्याच्या घरावर हातोडा पडायचा त्यालाच न कळणाऱ्या भाषेत त्याची सूचना द्यायची. दुसरा रोग आमचा. परवाना ही कन्नड कचेरीतली कटकट समजून ती टाळायची आणि टाळण्याला भाषाभिमानाचे नाव द्यायचे. पहिल्यावर आम्ही सीमावासी साठ-सत्तर वर्षे बोलत आलो आहोत. दुसऱ्यावर बोलायला कोणी तयार नसते. आज दोन्हींवर बोलायचे आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. कर्नाटक महानगरपालिका अधिनियम, १९७६ याच्या कलम २९९ पासून पुढे बांधकामाची कलमे येतात. नवे घर बांधायचे किंवा जुने पाडून पुन्हा उभारायचे तर आधी अर्ज, नकाशा आणि मंजुरी, आणि मंजुरी हातात आल्यावरच काम, हा त्यांचा गाभा आहे. ‘आधी’ या शब्दावर आम्ही जोर देतो, कारण आमच्याकडे येणारी बहुतेक माणसे ‘नंतर’ येतात. ही अट फक्त कोऱ्या भूखंडावरच्या घराला लागू आहे असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. मजला चढवणे, पत्रा काढून स्लॅब घालणे, भिंती पाडून घराचा आराखडा बदलणे, रस्त्याकडे सज्जा किंवा जिना काढणे, रस्त्यालगत कुंपणभिंत उभारणे, या सगळ्याला परवाना लागतो. आणि सर्वांत जास्त विसरले जाणारे काम म्हणजे पुढच्या खोलीचे शटर लावून किराणा दुकान करणे. तिथे एक वीटही नवी लागली नसेल, पण राहण्याची जागा व्यापाराची झाली की वापर बदलतो आणि वापर बदलला की मंजुरी लागते.

कशाला परवाना लागत नाही हेही सांगतो, कारण मध्यस्थांची अर्धी कमाई याच अज्ञानावर चालते. रंग, सफेदी, गिलावा, फरशी बदलणे, कौले परतणे, गळती बंद करणे, आतल्या आत दार काढणे, शेजाऱ्याच्या जागेकडे न उघडणारी खिडकी पाडणे किंवा बुजवणे अशा किरकोळ कामांना राष्ट्रीय इमारत संहितेने आणि बहुतेक नगरसंस्थांच्या उपविधींनी मोकळीक दिलेली आहे. मात्र फरशी बदलण्याच्या नावाखाली मधली भारवाहक भिंत पाडली, तर ती दुरुस्ती राहत नाही. शंका असेल तिथे नोंदणीकृत अभियंत्याकडून लेखी मत घ्यावे. त्याचे शुल्क मध्यस्थाच्या चहापाण्यापेक्षा कमीच असते.

खेड्यात वेगळी गफलत होते. ‘गावात कसला परवाना’ असे सर्रास म्हटले जाते. कर्नाटक पंचायत राज अधिनियम, १९९३ याचे कलम ६४ सांगते की ग्रामपंचायतीच्या परवानगीवाचून इमारत उभारता येत नाही. त्यातही गावठाणातले घर वेगळे आणि गावठाणाबाहेर शेतात बांधलेले घर वेगळे. शेतजमीन असेल तर १९६४ च्या भूमहसूल अधिनियमाच्या कलम ९५ प्रमाणे आधी बिनशेतीचा आदेश लागतो. तो नसेल तर पंचायतीने दिलेला कोणताही कागद त्या घराला पाया देऊ शकत नाही. बेळगावच्या आसपासची कितीतरी उपनगरे बाँडपेपरवर घेतलेल्या गुंठ्या-दोन गुंठ्यांवर उभी राहिली. त्या गुंठ्यांना ना बिनशेतीचा आदेश ना मंजूर रेखांकन. तिथला मराठी माणूस गेली पंचवीस वर्षे घरपट्टी भरतो, विजेचे बिल भरतो आणि घर कायदेशीर झाले असे समजून निर्धास्त झोपतो. घरपट्टी ही कराची पावती आहे, बांधकामाची मंजुरी नव्हे. पालिका बेकायदा घराकडूनही कर घेऊ शकते आणि घेते. कर घेतला म्हणून तिचा पाडण्याचा अधिकार संपत नाही.

‘अक्रम-सक्रम’ होईल, ही तिसरी आशा. यातला ‘अक्रम’ हा शब्द आमच्या लोकांना फसवतो. मराठीत अक्रम म्हणजे क्रम नसलेले, जरासे विस्कळीत. कन्नडमध्ये त्याचा अर्थ बेकायदा. आमच्या माणसाला वाटते, आपले घर थोडे विस्कळीत आहे, ते ओळीत बसवतील. प्रत्यक्षात नियमितीकरणाच्या त्या योजनेला सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये स्थगिती दिली. तिच्या भरवशावर मजले चढवणाऱ्यांनी स्वतःच्या मुलांच्या डोक्यावर कर्ज चढवले आहे.

पूर्वी या साऱ्याची झळ घर विकायची वेळ आली तरच लागत असे. आता तसे राहिलेले नाही. १७ डिसेंबर २०२४ रोजी मेरठच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी निर्देश दिले. पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला पाहिल्यावरच वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी द्यावी, आणि बँकांनीही तो दाखला तपासूनच त्या इमारतीवर कर्ज मंजूर करावे, असे त्यांत म्हटले आहे. प्रशासनाने वर्षानुवर्षे काणाडोळा केला म्हणून बेकायदा बांधकाम कायदेशीर होत नाही, हेही त्या निकालात स्पष्ट आहे. म्हणजे घर बांधायला घेण्यापूर्वीचा कागद, घर पूर्ण झाल्यावर एका महिन्याच्या आत द्यायची सूचना आणि त्यानंतर मिळणारा राहण्याचा दाखला ही साखळी आता एका कडीवर तुटली तरी घरात दिवा लागत नाही.

इतके महत्त्वाचे कागद ज्या भाषेत येतात तिच्याकडे आता वळू.

कचेरीतले उत्तर ठरलेले असते. १९६३ च्या कायद्याने कन्नड ही राज्याची राजभाषा आहे, १९८१ च्या कायद्याने ती स्थानिक संस्थांचीही राजभाषा आहे, विषय संपला. आम्ही वकील आहोत. हे दोन्ही कायदे अस्तित्वात आहेत हे आम्ही नाकारत नाही, आणि कन्नडमध्ये कारभार करू नका असे आमचे म्हणणेही नाही. पण कारभाराची भाषा ठरली म्हणून कळवण्याचे कर्तव्य संपले, हे कोणत्या कायद्यात लिहिले आहे? टिप्पणी कन्नडमध्ये लिहा, नोंदवही कन्नडमध्ये ठेवा, आदेश कन्नडमध्ये काढा. पण त्या आदेशासोबत मराठीत अर्ध्या पानाचा गोषवारा जोडल्याने राजभाषेचा अवमान होतो, हे आम्हांला अजून कोणी कलम दाखवून पटवलेले नाही.

इथे आपल्याच व्यासपीठांवरून दिला जाणारा एक चुकीचा दाखलाही दुरुस्त केला पाहिजे. घटनेच्या अनुच्छेद ३५० ने आपल्याला मराठीत सर्व व्यवहाराचा हक्क दिला आहे, असे भाषणांत ठोकून दिले जाते. अनुच्छेद ३५० वाचा. गाऱ्हाण्याच्या निवारणासाठीचे निवेदन संघराज्यात किंवा त्या त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क तो देतो. हा हक्क मोलाचा आहे, पण तो गाऱ्हाण्याचा आहे. बांधकामाचा अर्ज हे गाऱ्हाणे नव्हे. आणि मराठीतल्या गाऱ्हाण्याला मराठीतच उत्तर द्यावे असेही त्यात म्हटलेले नाही. मात्र परवाना अडवला, विनाकारण रखडवला किंवा अन्यायाने नाकारला, तर त्याविरुद्धचे निवेदन मराठीत देता येते आणि ते ‘भाषा कळत नाही’ म्हणून परत करण्याचा अधिकार कोणत्याही कारकुनाला नाही. हक्काची हद्द माहीत असली म्हणजे तो वापरता येतो. फुगवून सांगितलेला हक्क पहिल्याच खिडकीवर फुटतो.

आमची खरी भिस्त दोन ठिकाणी आहे. पहिले ठिकाण म्हणजे भाषिक अल्पसंख्याकांसाठी देशपातळीवर मान्य झालेली संरक्षण योजना. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली त्याच सुमारास केंद्राने याविषयीचे निवेदन संसदेपुढे ठेवले. १९६१ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या परिषदेने त्यावर शिक्का मारला. ज्या क्षेत्रात भाषिक अल्पसंख्याक पंधरा ते वीस टक्के आहेत, तिथे महत्त्वाच्या सूचना, नियम आणि कायदे त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध करावेत, असे त्यात ठरले. २०११ च्या जनगणनेत संपूर्ण बेळगाव जिल्ह्यातच मराठी मातृभाषा सांगणारे पंधरा टक्क्यांहून अधिक आहेत. शहराची आणि खानापूर तालुक्याची गोष्ट तर वेगळी सांगायला नको. हे ठराव कायदा नाहीत, त्यांच्या जोरावर थेट न्यायालयातून आदेश मिळवणे कठीण आहे, हे आम्ही प्रामाणिकपणे सांगतो. पण ते राज्यांनी स्वतः दिलेले वचन आहे. आणि घर कसे बांधावे, कसे बांधू नये याचे उपविधी हे ‘महत्त्वाचे नियम’ नसतील तर मग कोणते नियम महत्त्वाचे?

दुसरे ठिकाण म्हणजे नैसर्गिक न्याय. १९६२ चा हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आमच्या वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावा. एका माणसाला प्रतिबंधक स्थानबद्धतेत ठेवले आणि त्याची कारणे इंग्रजीत दिली. आपल्याला इंग्रजी येत नाही, हिंदीत द्या, असे तो म्हणाला. तोंडी भाषांतर करून सांगितले होते, असा सरकारचा बचाव होता. न्यायालयाने तो फेटाळला. माणसाला समजणाऱ्या भाषेत आणि लिपीत कारणे दिल्याशिवाय ती ‘कळवली’ असे होत नाही, असे ठरले आणि स्थानबद्धता रद्द झाली. तो खटला व्यक्तिस्वातंत्र्याचा होता, घराचा नव्हे. तो जसाच्या तसा जिन्याच्या नोटिशीला लागू होतो असे आम्ही म्हणत नाही. पण त्यातले तत्त्व इथेही तेच आहे. कळवणे म्हणजे कागद हातात ठेवणे नव्हे. (या खटल्यात हरलेली बाजू महाराष्ट्राची होती, हेही विसरू नये. भाषेचा आडमुठेपणा कोणत्या एकाच राज्याची मिरासदारी नाही.)

याला १३ नोव्हेंबर २०२४ चा निकाल जोडून पाहा. बुलडोझरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, रस्ता, पदपथ यांसारख्या सार्वजनिक जागेवरचे अतिक्रमण वगळता, पंधरा दिवसांची किंवा स्थानिक कायद्यात त्याहून जास्त असेल तितकी मुदत दिल्याशिवाय पाडकाम नको. नोटीस नोंदणीकृत टपालाने पाठवा आणि बांधकामावर चिकटवा. नेमका कोणता भंग झाला, कोणते कागद आणायचे, सुनावणी कोणत्या दिवशी, हे तिच्यात लिहा. इतका बारकाईने विचार करणाऱ्या न्यायालयाला ती नोटीस मालकाला वाचता येऊ नये असे अभिप्रेत असेल काय? हा मुद्दा योग्य प्रकरणात धारवाड खंडपीठापुढे मांडला गेला पाहिजे. तिथे याचिका इंग्रजीत करावी लागते. नोटीस कन्नड, याचिका इंग्रजी, घर मराठी माणसाचे, अशी ही आमची त्रिभाषा योजना.

आता या कन्नडविषयीच थोडेसे, कारण या लेखमालेचा मूळ विषय भाषा आहे. उत्तर कर्नाटकातल्या कचेऱ्यांत बांधकाम परवान्याला काय म्हणतात? ‘कट्टड परवानगी’. परवानगी हा फारसीतून आलेला शब्द दोन्ही भाषांनी सारखाच पोटाशी धरला आहे. सातबारासदृश कागदाला तिथला कन्नड शेतकरीही ‘उतार’ म्हणतो आणि अकृषक जमिनीला ‘बिनशेत्की’. हे शब्द मराठी महसुली कारभारातून आणि पुढे मुंबई राज्यातून तिथल्या कन्नडमध्ये मुरले. म्हणजे ज्या फायलीला मराठीचा विटाळ नको असे काहींना वाटते, तिच्या पानापानांवर मराठी आधीच बसलेली आहे. आणि आमच्यातल्या ज्यांना कन्नड हा शब्दच परका वाटतो, त्यांनाही हे कळायला हवे की त्या फायलीतला निम्मा शब्दसंग्रह त्यांच्याच आजोबांचा आहे.

अडचण उरलेल्या निम्म्यात आहे, आणि नेमके तिथेच घर जाते. ‘तेरवु’ म्हणजे हटवणे, पाडून मोकळे करणे. ‘मेल्मनवी’ म्हणजे अपील. ‘विचारणे’ म्हणजे सुनावणी. आमच्या कानाला ती नुसती चौकशी वाटते. ‘तात्कालिक आदेश’ म्हणजे तात्पुरता आदेश, ज्याच्यावर अजून म्हणणे मांडता येते; आमचा माणूस तो ‘तात्काळ’ समजून हाय खातो आणि मध्यस्थाकडे धावतो. राहण्याच्या दाखल्याला तिथे ‘स्वाधीनानुभव पत्र’ म्हणतात. मराठीत ‘भोगवटा प्रमाणपत्र’ हाही काही फार प्रेमळ शब्द नाही, पण त्यावरून निदान अर्थाचा अंदाज येतो. परक्या शब्दापेक्षा अर्धवट ओळखीचा शब्द अधिक घात करतो. तो अर्थ विचारूच देत नाही.

इतर केंद्रांतील वाचकांना वाटेल की हे आमच्यापुरतेच आहे. बडोद्यात परवान्याला ‘रजा चिठ्ठी’ म्हणतात. तिथे नव्याने गेलेल्या मराठी माणसाला ती शाळेतल्या सुट्टीची चिठ्ठी वाटते. इंदूर-ग्वाल्हेरला ‘भवन अनुज्ञा’ घ्यावी लागते, पण लिपी देवनागरी असल्याने वाचता तरी येते. गोव्यात शेतजमिनीवर घर बांधायचे तर आधी ‘सनद’ लागते, आणि १९८७ च्या राजभाषा कायद्याने तिथे कोकणीबरोबर मराठीच्या शासकीय वापरालाही वाट ठेवलेली आहे. ती वाट किती जण तुडवतात हे तिथल्या वाचकांनी सांगावे. हैदराबादेत २०२० च्या कायद्याने पंचाहत्तर चौरस यार्डांपर्यंतच्या भूखंडावरील तळमजला किंवा त्यावर एक मजला इतक्या घराला परवानाच नको, एक रुपया भरून नोंदणी पुरे, असे केले. लहान घराचा कागद लहान करता येतो, याचा हा पुरावा आहे. आणि ज्या महाराष्ट्रात जाण्यासाठी आम्ही झगडतो त्याची २०२० ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली? तीही सारे जण इंग्रजी आद्याक्षरांनी ओळखतात आणि इंग्रजी प्रतीतूनच वाचतात. सातारा-सांगलीचा घरमालकही नियम वास्तुविशारदाच्या तोंडूनच ऐकतो. मुंबईत बसून आमच्यासाठी अश्रू ढाळणाऱ्यांनी हे आधी पाहावे.

आता घरचे. बेळगावच्या पालिकेत मराठी नगरसेवकांचे बहुमत वर्षानुवर्षे होते. महापौर मराठी होते. त्या काळात फलकांवरून, ठरावांवरून, ध्वजावरून रण माजले. ते चुकीचे होते असे आम्ही म्हणत नाही. त्यांतल्या काही रणांत आम्हीही होतो. पण बांधकाम परवान्याच्या अर्जाला मराठी मार्गदर्शिका जोडा, पाडकामाच्या नोटिशीला मराठी गोषवारा जोडा, ही मागणी आमच्या आठवणीत एकाही निवडणुकीचा मुद्दा झाली नाही. फलकाचे छायाचित्र वर्तमानपत्रात येते, नोटिशीचे येत नाही, हे एक कारण असावे. दुसरे कारण अधिक कटू आहे. वाचता न येणारी नोटीस घेऊन माणूस कोणाकडे जातो? गल्लीतल्या पुढाऱ्याकडे. ती त्याला स्वतःला वाचता आली तर पुढाऱ्याची ओसरी ओस पडेल. भाषेच्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना तिच्यावर पोट भरणारी माणसे आहेत, आणि अलीकडच्या बाजूची माणसे आमचीच आहेत.

आता तर अर्ज ऑनलाइन झाला आहे. नोंदणीकृत अभियंता आपल्या संगणकावरून नकाशा चढवतो, शुल्क भरतो, परवाना उतरवून घेतो. घरमालकाच्या हाती येते ती शेवटची छापील प्रत, तीही त्याने मागितली तर. परवान्याच्या पाठीमागे अटी असतात: किती जागा मोकळी सोडायची, जोत्याच्या वेळी तपासणी कधी करून घ्यायची, मुदत कधी संपते, वापर कोणता मंजूर आहे. त्या अटी न वाचता घर बांधणारा मालक उद्या ‘मला माहीत नव्हते’ म्हणतो. त्याने परवाना घेतला होता, पण तो वाचला नव्हता. न घेणाऱ्यापेक्षा त्याची स्थिती फारशी बरी नाही.

म्हणून आमचे मागणे मोठे नाही आणि सीमाप्रश्नाच्या निकालावर अवलंबूनही नाही. तो दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि तोवर मुलांची लग्ने थांबणार नाहीत की खोल्या चढवणे थांबणार नाही. पंधरा टक्क्यांहून अधिक मराठी भाषक असलेल्या प्रत्येक नगरसंस्थेने आणि ग्रामपंचायतीने तीन कागद मराठीत छापावेत. पहिला, कोणत्या कामाला परवाना लागतो आणि कोणत्या नाही, याचे एक पान. दुसरा, परवान्याच्या अटींचे भाषांतर. तिसरा, कारणे दाखवा नोटिशीसोबत जोडायचा गोषवारा, ज्यात भंग कोणता, उत्तराची शेवटची तारीख कोणती आणि अपील कोठे, एवढे असेल. मूळ आदेश कन्नडच राहील, वाद झाला तर कन्नड प्रतच प्रमाण मानली जाईल, हे आम्ही आधीच लिहून द्यायला तयार आहोत.

या मागणीच्या निवेदनाचा मसुदा आम्ही मराठीत तयार केला आहे. ते गाऱ्हाणे आहे, त्यामुळे अनुच्छेद ३५० त्याला पूर्णपणे लागू पडतो. ज्यांना आपल्या पालिकेत किंवा पंचायतीत ते द्यायचे असेल त्यांनी प्रत घेऊन जावी, स्वतःच्या सहीने द्यावी आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. येताना घराचा मंजूर नकाशा सोबत आणावा. नकाशाच नसेल तर तेही लाजू नये, पण मग निवेदनाचे बोलणे दुसरे आणि नकाशाचे पहिले होईल.